अंगातून किती किरण गेले? हिशेब आपल्याकडे हवा



रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की आम्ही तासभर तिथेच सतरंजीवर बसतो. वस्तीतली माणसे दवाखान्याचे कागद घेऊन येतात. आम्ही डॉक्टर नाही. आमच्यापैकी एकाने सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्याचे काम केले आहे, एक ताई परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. औषध आम्ही सांगत नाही. कागदावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवतो, कुठे जायचे आणि काय विचारायचे ते सांगतो.

गेल्या थंडीत एकाच रविवारी दोन घरची माणसे आली.

पहिल्या आजी. महिन्याभराचा खोकला, संध्याकाळी अंगात कसकस, लुगडे कमरेला सैल होऊ लागलेले. वस्तीत टीबीच्या तपासणीची गाडी आली होती, हातात धरायचे छोटे एक्स-रे मशीनही होते. आजी रांगेतून परत फिरल्या. "त्या किरणांनी कॅन्सर होतो म्हणे. आधीच खोकला, त्यात आणखी ते कशाला?" असे त्यांचे म्हणणे.

दुसरा एक बाप, सात वर्षांच्या मुलाला घेऊन. मुलगा माळ्याच्या शिडीवरून पडला होता. नऊ दिवसांत त्याच्या डोक्याचे तीन सीटी स्कॅन झाले. पहिला जवळच्या सेंटरवर. मोठ्या दवाखान्यात पाठवले तेव्हा फिल्म रिक्षात राहिली, म्हणून दुसरा. सुट्टी झाल्यावर पुन्हा उलटी झाली, घराजवळच्या डॉक्टरांकडे नेले; मोठ्या दवाखान्याचे कागद तिथेच अडकलेले, म्हणून तिसरा. मुलगा आता बरा आहे. बापाने सावकाराकडून पैसे उचलले होते, त्याची काळजी त्याला होती. मुलाच्या डोक्यातून किती किरण गेले, हे त्याला कुणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते.

एकीने अगदी थोड्या किरणांना भिऊन गरजेची तपासणी टाळली. दुसऱ्याच्या मुलाला त्यापेक्षा कितीतरी पट जास्त किरण मिळाले आणि त्याचा हिशेबच नाही. दोघांकडे एकच गोष्ट नव्हती: आकडा. या वेळचे आरोग्य पान त्या आकड्यासाठी आहे.

किरण अंगात साठतात का?

जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावी 1895 च्या नोव्हेंबरमध्ये विल्हेल्म रॉन्टगेन या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले. काय आहेत ते कळेना म्हणून त्यांना 'एक्स', म्हणजे 'क्ष' किरण असे नाव दिले. काही आठवड्यांतच त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी दिसत होती. आजही आपल्याकडे म्हातारी माणसे "छातीचा फोटो काढला" असेच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

मशीनचे बटण दाबलेले असते तेवढाच वेळ किरण निघतात. बटण सोडले की संपले. बॅटरी विझवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसेच. साध्या एक्स-रेनंतर किंवा सीटीनंतर अंगात काही साठून राहत नाही, घरी आल्यावर लेकराला जवळ घेतले तर त्याला काही होत नाही, त्या दिवशी आंघोळ करून "उतरवण्यासारखे" काही नसते.

मग धोका कशाचा? किरण अंगातून जाताना पेशींच्या आतल्या धाग्यांना, म्हणजे डीएनएला, क्वचित इजा करतात. बहुतेक इजा शरीर स्वतःच दुरुस्त करते. एखादी चुकीची दुरुस्त झाली तर पुष्कळ वर्षांनी तिथून कर्करोग सुरू होण्याची थोडी शक्यता असते. किरण साठत नाहीत, पण ही शक्यता प्रत्येक तपासणीने थोडी थोडी वाढते. म्हणून हिशेब ठेवायचा.

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, एमआरआयमध्ये चुंबक असतो. या दोन्हींत क्ष-किरण नाहीत. एमआरआयचे मशीन सीटीसारखेच बोगद्यासारखे दिसते, म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो.

मात्रा मोजतात कशी?

आपल्या वस्तीत रंगकाम करणारे भाऊ पुष्कळ आहेत. त्यांच्या भाषेत सांगतो. भिंतीला रंग किती लागला हे दोन गोष्टींवर ठरते: थर किती जाड दिला आणि भिंत किती लांब रंगवली.

सीटी स्कॅनमध्ये किरणांची नळी माणसाभोवती गोल फिरते आणि अंगाच्या कापांसारखी चित्रे घेते. एका कापाला किरणांचा जो थर बसतो त्या आकड्याला सीटीडीआय म्हणतात. तो थर गुणिले जेवढा भाग स्कॅन केला त्याची लांबी, म्हणजे डीएलपी. स्कॅन संपले की मशीन स्वतःच हे दोन्ही आकडे एका पानावर मांडते. त्याला 'डोस रिपोर्ट' किंवा 'डोस पेज' म्हणतात. आकडा आधीच तयार असतो. पण फिल्म छापताना ते पान पुष्कळदा गाळले जाते आणि आपल्या हाती येत नाही.

आता तिसरी पायरी. तोच रंग वेगवेगळ्या भिंती वेगवेगळा शोषतात. तसेच पोट, छाती आणि डोके यांतले अवयव किरणांना सारखे नाजूक नसतात. म्हणून डीएलपीला एका ठरलेल्या आकड्याने गुणतात आणि उत्तर 'मिलीसिव्हर्ट' या मापात येते. मोठ्या माणसाच्या छातीसाठी तो आकडा 0.014, पोटासाठी 0.015, डोक्यासाठी 0.0021. उदाहरणार्थ, छातीच्या सीटीचा डीएलपी 400 लिहिला असेल तर 400 गुणिले 0.014, म्हणजे 5.6 मिलीसिव्हर्ट. डोक्याचा डीएलपी 1000 असेल तर सुमारे 2.1. पाचवी-सहावीतले पोर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हे गणित करू शकते.

लहान मुलांना हा गुणक मोठा लागतो. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यासाठी तो 0.004 धरतात, मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून मशीनची मोठ्यांची सेटिंग मुलासाठी तशीच वापरणे चूक आहे.

किती म्हणजे किती?

काहीही तपासणी न करता, घरात बसल्या बसल्यासुद्धा माती, दगड, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्याला किरण मिळत असतात. जगाची सरासरी वर्षाला सुमारे 2.4 मिलीसिव्हर्ट आहे. केरळच्या करुनागपल्ली किनाऱ्याच्या वाळूत थोरियम असल्याने तिथे ते यापेक्षा कितीतरी जास्त आहे. या नैसर्गिक मात्रेशी तपासण्यांची तुलना करून पाहू. आकडे सरासरीचे आहेत, मशीन आणि माणसाच्या अंगलटीप्रमाणे ते कमीजास्त होतात.

• दाताचा छोटा एक्स-रे: सुमारे 0.005, म्हणजे एका दिवसाच्या नैसर्गिक किरणांपेक्षाही कमी.
• छातीचा समोरून एक एक्स-रे: सुमारे 0.02, म्हणजे तीन दिवसांचे नैसर्गिक किरण.
• स्तनांची मॅमोग्राफी: सुमारे 0.4, म्हणजे दोन महिन्यांचे.
• कमरेच्या मणक्याचे एक्स-रे: सुमारे 1 ते 1.5, म्हणजे पाच ते सात महिन्यांचे.
• डोक्याचा सीटी: सुमारे 2, म्हणजे दहा महिन्यांचे.
• छातीचा नेहमीच्या सेटिंगचा सीटी: सुमारे 5 ते 7, म्हणजे दोन ते तीन वर्षांचे.
• पोटाचा सीटी: सुमारे 8 ते 10, म्हणजे तीन ते चार वर्षांचे. इंजेक्शनच्या आधी एकदा आणि नंतर एकदा असे दोनदा स्कॅन केले तर जवळजवळ दुप्पट.

आजी ज्या एक्स-रेला भ्याल्या तो तीन दिवसांचा होता. उलट टीबीने आपल्या देशात दर वर्षी सुमारे 3 लाख माणसे मरतात, आणि ती बहुतेक आपल्यासारख्याच घरांतली असतात. 7 डिसेंबर 2024 पासून सरकारने 347 जिल्ह्यांत शंभर दिवसांची टीबी मोहीम सुरू केली तेव्हा खोकला नसलेल्यांचेही छातीचे फोटो काढले गेले, कारण टीबी असूनही पुष्कळांना सुरुवातीला खोकला नसतो. असा एक्स-रे टाळू नका.

धोका किती धरायचा?

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचा अंदाज असा: 10 मिलीसिव्हर्टच्या एका तपासणीमुळे पुढे कधीतरी कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता दोन हजारांत एक. एवढ्या कमी मात्रेचा परिणाम थेट मोजता येत नाही, म्हणून हा जास्त मात्रेवरून खाली आणलेला हिशेब आहे. अपघातात पोटात रक्तस्राव होत असेल तर त्याच स्कॅनने जीव वाचतो, तेव्हा दोन हजारांतल्या एकाचा विचार करत बसायचे नसते.

बुद्धांनी सांगितलेली विषारी बाणाची गोष्ट आपण प्रवचनात ऐकलेली आहे. बाण लागलेला माणूस, बाण कुणी मारला, कुठल्या लाकडाचा होता, हे कळेपर्यंत तो काढू देणार नाही म्हणत बसला तर मरून जाईल. अपघात, लकवा, छातीत जोरात कळ, बेशुद्धी, अशा वेळी डॉक्टर स्कॅन सांगतील तर लगेच करा. डोसचा कागद नंतर मागा.

मुलांची बाब वेगळी. त्यांच्या पेशी वाढीच्या असतात आणि पुढे आयुष्य लांब असते. युरोपातल्या नऊ देशांत सीटी झालेल्या सुमारे साडेनऊ लाख मुलांचा आणि तरुणांचा मागोवा घेतला गेला, त्याचा निष्कर्ष 2023 मध्ये आला. आजच्या सरासरी मात्रेत दहा हजार मुलांचे स्कॅन झाले तर पुढच्या सुमारे 12 वर्षांत एक किंवा दोन मुलांना त्या किरणांमुळे रक्ताचा कर्करोग होईल, असे त्यात दिसले. बाकी नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव मुलांना तो होत नाही. स्कॅन गरजेचा असेल तर बापाने घाबरू नये. मात्र हरवलेल्या फिल्मसाठी मुलाला पुन्हा मशीनखाली झोपवावे लागू नये, एवढी काळजी घ्यावी.

'स्कोअर किती आला?' ते दिवस आठवा

2021 चा एप्रिल-मे कुणी विसरले नसेल. फोनवर पहिला प्रश्न "स्कोअर किती आला?" हाच असायचा. ताप आला की माणसे डॉक्टरांच्या चिठ्ठीविनासुद्धा छातीचा एचआरसीटी करायला रांगेत उभी राहत. काहींनी तीन-तीन वेळा केला.

3 मे 2021 रोजी दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितले की एक सीटी म्हणजे छातीचे 300 ते 400 एक्स-रे, आणि आजार सौम्य असेल तर सीटीचा उपयोग नाही. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने आक्षेप घेतला की ही तुलना जुन्या काळची आहे, आता कमी मात्रेचे स्कॅन होतात. दोन मोठ्या माणसांची दोन मते, आपण कुणाचे ऐकायचे?

गणित करून पाहू. नेहमीच्या सेटिंगचा सीटी 6 आणि एक्स-रे 0.02 धरला तर भागाकार 300 येतो. कमी मात्रेचा सीटी 1 धरला तर तोच भागाकार 50. दोन्ही बाजूंचा आकडा कुठल्या मशीनवर, कुठल्या सेटिंगने स्कॅन झाला यावर अवलंबून होता. तुमचा स्कॅन त्यातला कुठला होता, याचे उत्तर वर्तमानपत्रात नव्हते, तुमच्या स्वतःच्या डोस पेजवर होते. स्कोअर सगळ्यांनी वाचला, त्याच फाईलमधला दुसरा आकडा कुणी मागितला नाही. आम्हीही तेव्हा मागितला नव्हता, हे कबूल करतो.

कुणी आकडा पाहिलाच नाही तर

श्रीमंत देशातल्या नावाजलेल्या दवाखान्यातही काय होऊ शकते ते पाहा. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात फेब्रुवारी 2008 मध्ये मेंदूच्या एका प्रकारच्या सीटीसाठी मशीनची सेटिंग बदलली गेली आणि चुकली. लकव्याचा संशय असलेल्या 206 रोग्यांना ठरल्यापेक्षा आठपट किरण मिळाले. हे दीड वर्ष चालले. ऑगस्ट 2009 मध्ये एका रोग्याने डोक्यावरचे केस गेल्याची तक्रार केली तेव्हा कुठे उलगडा झाला.

मशीन बिघडलेले नव्हते. डोसचा आकडा प्रत्येक वेळी पडद्यावर दिसत होता. पण तो पाहायची आणि लिहायची कुणाची जबाबदारीच नव्हती. त्यानंतर कॅलिफोर्निया राज्याने 2010 मध्ये कायदा केला, आणि 1 जुलै 2012 पासून तिथे प्रत्येक सीटीचा डोस रोग्याच्या रिपोर्टमध्ये लिहिणे बंधनकारक झाले. आकडा कागदावर आला की डॉक्टर तो वाचतो, दुसरा डॉक्टर ताडून पाहतो, आणि चूक दीड वर्ष लपून राहत नाही.

मोजल्याने आणखी एक फायदा होतो. ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकात दवाखान्यादवाखान्यांत जाऊन एक्स-रेची मात्रा मोजली तेव्हा दिसले की एकाच तपासणीसाठी एक दवाखाना दुसऱ्यापेक्षा कितीतरी पट किरण देतो. मग त्यांनी एक खूण ठरवली: चारांपैकी तीन दवाखाने ज्या आकड्याच्या आत काम भागवतात तो आकडा. जो नेहमी त्याच्या वर जाईल त्याने आपले मशीन आणि पद्धत तपासायची. 2005 पर्यंत त्या खुणेचे आकडे 1980 च्या दशकातल्या आकड्यांच्या निम्म्याहूनही खाली आले. तपासण्या बंद केल्या नाहीत. नव्या मशिनांचा त्यात वाटा होताच, पण कुठे जास्त जाते हे मोजले नसते तर कळलेच नसते.

आपल्याकडचा नियम

आपल्या देशात हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. 1983 मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. एक्स-रे आणि सीटी चालवणाऱ्या प्रत्येक सेंटरला या मंडळाची परवानगी लागते, मशीनची ठराविक काळाने तपासणी करून घ्यावी लागते, दारावर किरणांची तीन पाकळ्यांची खूण आणि दिवा लागतो.

मशीनवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहान बॅज असतो. त्याच्या अंगाला किती किरण लागले ते तो बॅज नोंदतो, आणि ठराविक मुदतीने तो प्रयोगशाळेत वाचला जातो. त्याला वर्षाची मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी 20 मिलीसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. हे योग्यच आहे, कामगाराचे संरक्षण झालेच पाहिजे.

रोग्याला मात्र अशी मर्यादा नाही. मर्यादा घातली तर एखाद्याचा जीव वाचवणारा स्कॅन नियमात अडकेल. मर्यादेऐवजी रोग्यासाठी दोन अटी आहेत. एक, तपासणी खरोखर गरजेची असावी. दोन, काम भागेल एवढीच मात्रा वापरावी. पण तंत्रज्ञाच्या छातीवर बॅज आहे, रोग्याच्या छातीवर नाही. आपला बॅज म्हणजे आपली वही.

वही कशी ठेवायची

शंभर पानी साधी वही घ्या. घरातल्या प्रत्येकाला चार पाने द्या. दर तपासणीला एक ओळ: तारीख, ठिकाण, अंगाचा कुठला भाग, कशासाठी, आणि सीटी असेल तर डीएलपीचा आकडा. साध्या एक्स-रेचा आकडा मिळाला नाही तर नुसती नोंदही पुरे, कारण मात्रा फार थोडी असते.

सीटी झाल्यावर काउंटरवर नम्रपणे पण स्पष्ट सांगा, "दादा, डोस पेज द्या, आणि सीडी पण द्या." डोस पेजवर इंग्रजी डी, एल, पी ही तीन अक्षरे शोधा. ते पान द्यायला तयार नसतील तर पडद्यावरच्या त्या पानाचा मोबाईलवर फोटो मागा. नुसत्या फिल्मवरून पुढच्या डॉक्टरला पूर्ण अंदाज येत नाही, सीडी असेल तर त्याला सगळे काप दिसतात आणि पुन्हा स्कॅन करण्याची गरज कमी होते.

फिल्म कशी सांभाळायची तेही सांगतो. आजकालच्या पुष्कळ फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात. पत्र्याच्या घरात, छताला लागून ठेवलेली फिल्म उन्हाळ्यात काळी पडते. पाकिटात घालून खालच्या बाजूला, लोखंडी पेटीत किंवा कपाटाच्या तळाशी ठेवा. घडी घालू नका. दवाखान्यात जाताना मागची फाईल सोबत न्या, आणि सुट्टी होताना आपले कागद मोजून परत घ्या.

डॉक्टरांना काय विचारायचे

प्रश्न विचारला म्हणजे डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगला डॉक्टर उत्तर देतो. हे चार प्रश्न लक्षात ठेवा.

1. "या तपासणीमुळे उपचार बदलणार आहे का?" उत्तर 'नाही' असेल तर थांबता येईल का ते विचारा.
2. "सोनोग्राफीने किंवा साध्या एक्स-रेने भागेल का?" पित्ताशयाच्या खड्यांसाठी, लहान मुलाच्या पोटदुखीसाठी पुष्कळदा आधी सोनोग्राफी पुरते.
3. "महिन्यापूर्वीचा हा रिपोर्ट आहे, तो चालेल का?"
4. मूल असेल तर, "सेटिंग मुलाच्या वजनाप्रमाणे ठेवणार ना?"

डोक्याला मार लागलेल्या मुलाबद्दल एक खूणगाठ बांधा. बेशुद्ध पडले, वारंवार उलट्या होतात, फिट आली, झोपेतून जागे होत नाही, कानानाकातून पाणी किंवा रक्त येते, असे काही असेल तर विलंब न करता दवाखाना गाठा आणि डॉक्टर सांगतील तो स्कॅन करा. यातले काही नसेल, मूल खेळते-बोलते असेल, तर पुष्कळदा डॉक्टर काही तास नजरेखाली ठेवायला सांगतात. "स्कॅन कराच" असा हट्ट आपण धरू नये.

निरोगी माणसाने "फुल बॉडी" पॅकेजच्या जाहिरातीला भुलून सीटी करू नये. आणि कुणी ठराविक सेंटरचाच आग्रह धरत असेल तर त्यामागे कट प्रॅक्टिस आहे का, असा विचार मनात येऊ द्यायला हरकत नाही. चिठ्ठीवर तपासणीचे नाव असते, ती सरकारी दवाखान्यातही होऊ शकते.

ताई-माईंसाठी

पाळी चुकली असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर एक्स-रेच्या आधीच सांगा. संकोच करू नका, सोबत सासू असो वा दीर. तरीही नकळत एक्स-रे झाला तर घाबरून गर्भ पाडू नका. छातीच्या एक्स-रेने पोटातल्या बाळापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. किरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे मत असे आहे की बाळाला मिळालेली मात्रा 100 मिलीग्रेच्या आत असेल तर केवळ किरणांच्या कारणाने गर्भपात करू नये, आणि नेहमीच्या बहुतेक तपासण्यांत ती मात्रा त्याच्या कितीतरी खाली असते. पोटाचा किंवा कमरेचा स्कॅन झाला असेल तर डोस पेज घेऊन डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्याकडून हिशेब करून घ्या.

मुलाला धरायला कुणी आत जाणार असेल तर गरोदर बाईने जाऊ नये. जो जाईल त्याने शिशाचा एप्रन मागून घालावा. बाकी नातेवाइकांनी दाराबाहेर थांबावे.

त्या रविवारनंतर

आजींना आम्ही हा सगळा हिशेब बोटांवर मोजून दाखवला. "तीन दिवसांचे किरण, एवढेच?" त्यांनी दोनदा विचारले. दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. फोटोत डाग दिसला, थुंकीची तपासणी झाली, टीबीच निघाला. फुकट मिळणारी औषधे सुरू आहेत, आता लुगडे पुन्हा कमरेला नीट बसते. घरातल्या दोन नातवंडांचीही तपासणी झाली.

मुलाच्या बापाला तीन सेंटरांत पाठवले. दोन ठिकाणांहून डोस पेज मिळाले, तिसऱ्या ठिकाणी "सिस्टिममधून गेले" असे उत्तर आले. त्याने वहीत तिसऱ्या ओळीत आकड्याच्या जागी 'दिला नाही' असे लिहिले. तेही लिहून ठेवायलाच हवे. वहीच्या पहिल्या पानावर त्याने मुलाचे नाव घातले आणि मुलानेच खाली जन्मतारीख लिहिली.

बुद्धांनी कालामांना सांगितले की कुणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. व्हॉट्सअॅपवरची भीती आणि जाहिरातीतला मोह, दोन्हींना हे लागू आहे. गरज असेल तर तपासणी करा, नसेल तर टाळा, आणि केलेल्या प्रत्येक तपासणीचा आकडा घरी आणा.

पुढच्या पौर्णिमेला विहारात येताना घरातल्या जुन्या फिल्म आणि रिपोर्ट घेऊन या. वह्या आम्ही आणून ठेवतो, पहिली ओळ सोबत बसून लिहू.

जयभीम! नमो बुद्धाय!